दोरीचं पाणी

माझ्या दोन तक्रारी आमच्या आळीत आता सगळ्यांना पाठ झाल्या आहेत. एक, पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक लुटतो. दुसरी, शेजारी उद्धटपणे बोलतो. न्हाव्याकडे, भाजीवालीकडे, बँकेत पेन्शनच्या रांगेत, जिथे कुणी ऐकून घेईल तिथे मी त्या सांगितल्या. लोकांनी माना डोलावल्या. काहींनी आपापले मेकॅनिक आणि आपापले शेजारी ऐकवले. माझ्या दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. मेकॅनिक जास्त पैसे घ्यायचाच आणि शेजारी वाईट बोलायचाच. ते तसे का वागत होते, तेवढं मी सांगत नव्हतो.

आमची आणि शेजाऱ्यांची विहीर, म्हणजे आमच्याकडची बाव, एकच आहे. दोन आवारांच्या मधे जांभ्या दगडांचा कमरेएवढा गडगा आहे आणि विहीर बरोबर त्याच्या मधोमध. अर्धा काठ त्यांचा, अर्धा आमचा. पूर्वी दोन्ही घरं रहाटानं पाणी काढत. मग दोघांनीही पंप घेतले. विहिरीला आत पायऱ्या आहेत, त्यांच्या शेवटी एक ओटा आहे, तिथे दोन्ही पंप शेजारी शेजारी बसवले. त्या दिवशी शेजारी आणि मी पायरीवर बसून एक गोष्ट ठरवली होती. तळापासून पुरुषभर उंचीवर एक काळा दगड भिंतीतून बाहेर आलेला आहे. दोघांच्याही पाइपांची तोंडं त्या दगडाच्या वर राहतील. त्याच्या खालचं पाणी पंपानं ओढायचं नाही. ते दोरीचं पाणी. वीज गेली, पंप बिघडला, मे महिन्यात विहीर खाली गेली, तर ज्याला गरज लागेल त्यानं दोरी-कळशीनं काढावं. कळशीनं माणूस काढून काढून किती काढणार? हात भरून आले की थांबतो. पंप थांबत नाही.

हे ठरवताना आम्ही दोघंही हसत होतो, एवढं ते साधं होतं.

पुढे एका मे महिन्यात मुलगा, सून आणि नातवंडं मुंबईहून आली. दुपारी नातवाच्या डोक्याला साबण लावलेला आणि नळ बंद पडला. सुनेनं हसण्यावारी नेलं. मी विहिरीवर जाऊन कळशीभर पाणी आणलं. मुलगा मात्र हसला नाही. जेवताना म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी तुम्हीच या आमच्याकडे. मुलांना सुट्टीत हे असं नको वाटतं." बायकोच्या हातातलं वाढप थांबलं. वर्षातून एकदा येणारी मुलं. ती येईनाशी होतील, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

शेजारची मंडळी त्या वेळी मुरुडला लग्नाला गेली होती. मी बाजारातून पाइपचा तुकडा आणि दोन क्लिपा आणल्या, दुपारी सगळी झोपल्यावर विहिरीत उतरलो आणि पाइप लांब केला. त्याचं तोंड काळ्या दगडाच्या खाली, पार तळाशी गेलं; ओट्याच्या आडोशाला असल्यानं वरून ते दिसत नव्हतं. मुलं गेली की परत वर घेऊ, असं मी मनाशी म्हटलं होतं.

मुलं गेली. पाइप तिथेच राहिला. भर मेमध्ये दिवसभर नळ वाहायची सवय लागायला आठवडासुद्धा पुरतो. बायको अबोलीला पाणी घालताना म्हणाली, "यंदा झरे बरे आहेत हो." मी हो म्हटलं.

त्याच महिन्यात शेजाऱ्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ झालं, आणि त्यांचा पंप दुपारपासून नुसती हवा ओढायला लागला. शेजारी गडग्याशी आला. माझ्यापेक्षा तो बराच लहान आहे, मला अण्णा म्हणतो.

"अण्णा, तुमच्या नळाला येतं काय पाणी?"

"येतं थोडंथोडं."

"आमच्याकडे ठणठणाट आहे."

"पंपाचा वायसर गेला असेल," मी म्हटलं. "दाखव कुणाला तरी."

त्यानं वायसर बदलला. मग अख्खा पंप बदलला. मग विहीरच आटत चालली असं समजून मागच्या बाजूला बोअर मारायला गाडी आणली. दोन दिवस कातळ फोडण्याचा आवाज चालला होता आणि शेवटी वर आली ती नुसती तांबडी धूळ. हे सगळं मी आमच्या पडवीतून पाहिलं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, बाळाची दुपटी धुवायला दोरीनं पाणी काढायच्या. पण दोरीचं पाणीही मी आधीच ओढलेलं असायचं. कळशीत गढूळ यायचं. त्या ते बादलीत निवळत ठेवायच्या आणि वरचं वरचं घ्यायच्या.

एके दिवशी आमची टाकी भरून वाहायला लागली. माझं लक्ष नव्हतं. शेजारी गडग्यावरून ओरडला, "अण्णा, टाकी वाहतेय! इकडे पोर बिनआंघोळीचं आहे आमचं. पाणी पिता की नुसती बाव गिळता?"

खरं सांगायला याहून चांगली वेळ कुठली होती? मी म्हटलं, "ज्याच्या त्याच्या नशिबाचं पाणी असतं."

तो त्यानंतर जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायको नेमकी तेवढंच ऐकायला बाहेर आली. तिनं माझं वाक्य ऐकलं नव्हतं, त्याचं ऐकलं. म्हणाली, "वयाचा तरी मान ठेवायचा माणसानं." तेव्हापासून तिनं त्या घरी पाऊल टाकलं नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला दोघी एकमेकींशिवाय राहिल्या नव्हत्या. आंब्याची डाळ इथे वाटायची, पन्हं तिकडे व्हायचं. पुढच्या चैत्रात वहिनी बोलवायला आल्या, तर बायको आतून म्हणाली, "बरं नाही म्हणावं." मी दारात उभा राहून ते सांगितलं. मग त्या आल्या नाहीत.

आता मेकॅनिकचं. तो मिरजोळ्याकडून येतो. पाइप तळाला गेल्यावर पंप गाळ ओढणार हे ठरलेलंच होतं. वर्षाच्या आत मोटार जळाली. तो ओट्यावरून वर आला, चिंधीला हात पुसत म्हणाला, "काका, पाइप लांब केलात वाटतं."

"जरासा."

"गाळ खेचतोय. वर घ्या, नायतर परत जळेल."

"बघू."

त्यानं एकदा शेजाऱ्यांच्या घराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आकडा सांगितला. दुप्पट होता. मी घासाघीस करायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यालाही ते दिसलं. पुढच्या वर्षी आकडा आणखी वाढला. बायको म्हणाली, "अहो, एवढे? नवा पंप येईल की एवढ्यात!" तो हसत म्हणाला, "काकी, काकांना विचारा. काम अवघड आहे." तोंडानं त्यानं कधी काही मागितलं नाही, धमकी दिली नाही. तो काही संत नव्हता. पण मी त्याला चोर म्हणून आळीभर फिरवला, इतका, की चार घरांनी त्याला बोलावणं बंद केलं. मला मात्र त्याला सोडता येत नव्हतं. दुसरा मेकॅनिक आणला असता तर त्यालाही पाइप दिसला असता.

मधल्या वर्षांत विहीर उपसायचं दर वेळी मी पुढे ढकललं. माणसं मिळत नाहीत, माझी तब्येत बरी नाही, पाणी अजून बरंच आहे. मुलगा तर आता दोन-तीन वर्षांनी एकदा येतो. त्याचं कारण पाणी नव्हतंच.

या मे महिन्यात शेजारी गडग्याशी येऊन म्हणाला, "रविवारी बाव उपसायची आहे. माणसं सांगितली आहेत. नाही म्हणू नका. म्हणालात तरी उपसणार."

माणसं तळात उतरणार म्हणजे पाइप दिसणार. पूर्वीसारखा धड असतो तर शनिवारी उतरून तो वर घेतला असता आणि हे पानही लिहिलं नसतं, हे मला मान्य करायला हवं. पण आता माझे गुडघे त्या पायऱ्या उतरत नाहीत. मी मेकॅनिकला फोन केला.

"काका, विहिरीत उतरायचं मी सोडलं. पाठ गेली."

"जरासं काम आहे रे. तू म्हणशील ते देतो."

"त्या पाइपाचं ना?" तो म्हणाला. "त्याचं आता तुमचं तुम्हीच बघा." आणि फोन ठेवला.

मग मी स्वयंपाकघरात गेलो. बायको कैऱ्या किसत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती किसत राहिली. कैरी संपून कोय किसणीला लागली तेव्हा थांबली.

"म्हणजे वहिनी गढूळ पाणी निवळत ठेवायच्या, तेव्हा आपल्याकडे..."

"हो."

"मी अबोलीला घालत होते."

"हो."

"मुलांसाठी केलंत म्हणू नका," ती म्हणाली. मी म्हटलं नव्हतं, पण म्हणणार होतो. "आणि तिकडे जाऊन सांगा. मी येणार नाही बरोबर. ते बोलतील ते एकट्यानं ऐका."

गडगा मला ओलांडता येत नाही, म्हणून रस्त्यानं वळसा घालून त्यांच्या फाटकातून गेलो. शेजारी ओटीवर वर्तमानपत्र वाचत होता. वहिनी दारात होत्या. मी पाइपाचं सांगितलं, वायसर, नवा पंप, बोअर, सगळं माझ्यामुळे झालं म्हणालो. त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली.

"बोअरच्या वेळी तुम्ही पडवीत बसला होतात," तो म्हणाला. "मी विचारलंसुद्धा, अण्णा, इथे लागेल काय पाणी? तुम्ही म्हणालात, प्रयत्न करून बघ."

हे मी विसरलो होतो. की विसरलो नव्हतो, ठाऊक नाही.

"मी तुम्हाला त्या दिवशी नाही नाही ते बोललो," तो पुढे म्हणाला, "आणि नंतर ही मला म्हणाली, मोठ्या माणसाला असं बोलू नये. मला वाईट वाटत होतं, अण्णा. एवढी वर्षं! मी कमीच बोललो होतो."

बस, असंही तो म्हणाला नाही, जा, असंही नाही. मी आलो तसा निघालो. वहिनी तोपर्यंत आत गेल्या होत्या.

रविवारी माणसं आली. दोन्ही पंप चालवून पाणी काढलं, मग ती गाळात उतरली. आळीतले दोघं-तिघं बघायला काठावर उभे होते. खालून आवाज आला, "ह्यो खालपातूर आलेला पाइप कोनाचा वो?"

शेजारी माझ्याकडे बघत होता. त्यानं उत्तर द्यायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं.

"माझा," मी म्हटलं. रिकाम्या विहिरीत ते फार मोठं ऐकू आलं.

"गळ्यापातूर रुतलाय गाळात. मोटार जळत नाय काय तुमची?"

"जळते."

काठावर कुणीतरी हसलं. मग आळीतल्या एकानं विचारलं, "पण अण्णा, तो तर दगडाच्या वर असायला हवा ना?" मग त्यालाही सांगावं लागलं. हसणाराही हसायचा थांबला. शेजारी वाकून खाली म्हणाला, "काढा तो. तुकडा तोडून वर द्या." तुकडा वर आला. शेवाळ धरलेला, हातात घ्यायलाही नको वाटणारा. मी घेतला.

उपसणाऱ्यांना एका घरचा चहा आणि दुसऱ्या घरचं जेवण, अशी आमच्याकडची जुनी पद्धत. चहा आमच्याकडचा होता. बायको तबक घेऊन आली. सगळ्यांना दिल्यावर एक पेला उरला, तो घेऊन ती गडग्याशी उभी राहिली. पलीकडे वहिनी भाताचं पातेलं उतरवून ठेवत होत्या. त्यांनी पेला बघितला, लगेच हात पुढे केला नाही. माझी बायकोही हललेली नव्हती. शेवटी त्यांनी तो घेतला, एक घोट प्यायल्या आणि म्हणाल्या, "साखर कमी आहे."

"तुम्ही कमीच घेत होतात," बायको म्हणाली.

"तेव्हा घेत होते."

बायको आत जाऊन साखरेचा डबाच घेऊन आली.

त्यांचं आपसात पुढे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. बायको अधूनमधून तिकडे जाते आणि आल्यावर मी विचारलं तर म्हणते, "तुम्हाला काय करायचंय?" शेजारी माझ्याशी कामापुरतं बोलतो, तेही तोडून. मेकॅनिकचं नाव मी आता जमेल तिथे चांगलं सांगतो: महाग आहे, पण काम नीट करतो. लोक म्हणतात, "अण्णा, तुम्ही सांगताय हे?" मग पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं, आणि सांगून थकायला होतं. म्हणून एकदाचं लिहून टाकलं.

दुपारी आमचा नळ आता बंद पडतो. मी दोरी आणि कळशी घेऊन विहिरीवर जातो. अर्ध्या कळशीहून जास्त मला ओढवत नाही. काल पलीकडच्या काठावर शेजारी जेवून दात कोरत उभा होता, त्यानं माझी धडपड पाहिली.

"कळशी आपटताय दगडावर," तो म्हणाला. "पोचे येतील."

मदतीला आला नाही. मी दोरी दगडापासून जरा लांब धरली.