अनवाणी पायांची चौकशी

अमेरिकेत पार्सिपनीला राहणाऱ्या हेमलता परबांचा दमा वाढला, तेव्हा स्टेरॉइडच्या गोळ्या देण्याआधी तरुण डॉक्टर इलाने विचारलं, "काकू, लहानपणी अनवाणी चालायचात?"

"कुडाळला भातशेतीत आम्ही सगळेच अनवाणी. का गं?"

"मातीतला एक जंत पायातून शिरतो आणि वर्षानुवर्षं शरीरात राहतो. स्टेरॉइडने तो बळावला तर जिवावर बेतू शकतं. आधी ब्लड टेस्ट करू."

टेस्ट पॉझिटिव्ह आली. देश सोडून बत्तीस वर्षं झालेल्या हेमलताताई घाबरल्या नाहीत. त्यांनी त्या जंताचा फोटो मागून घेतला आणि कितीतरी वेळ न्याहाळला.

औषधाने जंत गेला, दम्याचे उपचारही सुरू झाले. मग त्यांनी अल्फारेटा शहरात राहणाऱ्या बहिणीला फोन केला. "नलू, आपण एकाच चिखलात खेळलो. तूही टेस्ट कर."

नलूचीही पॉझिटिव्ह निघाली.