न जोडलेल्या तारांतून आलेला आवाज

असे अनुभव मी चहाबरोबर वाचणारा माणूस, लिहिणारा नव्हे. जळगावच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. मल्टीमीटरवर दिसलं नाही तर ते नाहीच, असा आपला खाक्या. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय... पण आनंद त्याहून जास्त आहे, म्हणून लिहितोच.

माझी आत्या पिंपळनेरला असते. सगळे तिला अक्का म्हणतात. श्रावणात घरी कानबाई देवी बसली की गाणी अक्कानेच उचलायची, बाकीच्या बायका मागून. यंदा तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं — जीव वाचेल, आवाज राहणार नाही. आणि ती गाणी दुसऱ्या कुणालाच पूर्ण येत नाहीत, म्हणून ती रेकॉर्ड करून ठेवायचं ठरवलं.

मी हौसेने घरी जुन्या रेडिओत असायचे तसल्या व्हॉल्व्हचा माइक बनवला होता. आवाज गोड, पण खालचे सूर खायचा आणि मागे सतत घुंऽऽ. दोष आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा — आतला आवाज केबलपर्यंत पोचवतो तो. जुना काढून नवा बसवत होतो, तेवढ्यात अक्काच्या सुनेचा फोन : "ऑपरेशन परवाच शे, भाऊ. उद्याच या." घाईत झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि सकाळी निघालो.

माइक पाहून अक्का अडून बसली, देवीचं गाणं देवीपुढेच म्हणायचं म्हणून. "कानबाईनं गानं मशीनपुढे म्हनतस का रे भाऊ? तिनापुढेच म्हनतस."

कानबाई म्हणजे आमच्याकडे नथ घातलेला, घराण्यात जपलेला नारळ. अक्काने तो देवघरातून आणला आणि माइकच्या बरोबर मागे पाटावर मांडला.

"चालू कर आते. ती आयकी ऱ्हायनी."

मी रेकॉर्डर सुरू केला, हेडफोन लावला आणि... काय सांगू! घुंऽऽ गायब. गळ्यातली खरखर, बांगड्यांची किणकिण, तळातला भरदार सूर — सगळं आलं. दुपारभर अक्का गात होती. दम लागला की पाणी प्यायची, पुन्हा सुरू. माझे डोळे गळत होते आणि नव्या ट्रान्सफॉर्मरचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःलाच देत होतो.

जळगावला परतल्यावर घाईचं काम नीट करावं म्हणून माइक उघडला. ट्रान्सफॉर्मरच्या केबलकडे जाणाऱ्या दोन्ही तारा जोडलेल्याच नव्हत्या! पाकिटातून निघाल्या तशा, टेप गुंडाळून बाजूला दुमडलेल्या. फोन आला तेव्हा नेमकं तेवढंच राहून गेलं होतं. तसाच लावून पाहिला — शुकशुकाट. तारा सोल्डर केल्या, तेव्हा कुठे बोलला.

मित्र म्हणतात, न जोडताही थोडा आवाज गळतो. गळत असेलही, पण पातळ, चिरका. असा नाही हो! रेकॉर्डरला दुसरा माइक लावलेला नव्हता, त्याला स्वतःचा तर नाहीच. कारण मला आजही सापडलेलं नाही.

ऑपरेशन छान झालं. श्रावणात कानबाई बसली, मी स्पीकर मांडला. अक्काचा आवाज घरभर घुमला आणि सगळ्या बायकांनी एकदम गाणं उचललं! मधोमध अक्का, गळ्याला पट्टी, ओठ हलताहेत, हाताने ताल देतेय. बायका स्पीकरकडे बघतच नव्हत्या, तिच्या हाताकडे बघून गात होत्या. मला तर नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात अक्काने माझ्याकडे पाहून बोटाने खूण केली — अजून मोठा कर.