सीटीवाल्याचा गोडवा

या हिंदी मुलखात तेलीबांध्याच्या स्कॅन सेंटरमधला सीटी काढणारा माणूस मराठी निघाला, तेव्हापासून बाबा दुसरीकडे यायला तयारच होत नाहीत. मशीन हिंदीत "सांस रोकिए" म्हणायच्या आधीच हा काचेमागून माइकवर ओरडतो, "काका, श्वास धरून ठेवा! लिव्हर हलून राहिलं नं!" सुईतून औषध सोडताना बजावतो, "आता अंग गरम होईन, भिऊ नका."

लिव्हरमधल्या गाठीबद्दल मात्र तो कधीच बोलत नाही. "डॉक्टर सांगतीन," एवढंच. पण त्याची एक खोड मी ओळखली आहे. मागे गाठ वाढली होती, तेव्हा त्याने बाबांना हाताला धरून उतरवलं, पायात चपला घातल्या, रिक्षापर्यंत सोडायला आला. रिपोर्ट येण्याआधी त्या गोडव्यानेच मला सगळं सांगितलं होतं.

उपचारांनंतर काल पुन्हा स्कॅन झाला. बाबा टेबलावरच रेंगाळले. माइक खेकसला, "काका, काहून झोपले अजून? उतरा ना लवकर! चपला का मी घालून देऊ?"

"किती उद्धट पोट्टा आहे हा!" बाबा बाहेर येऊन फणफणले.

डॉक्टर संध्याकाळी भेटणार होते. मी दुपारीच पेढे घेतले.