दुबईत डेव्हलपर शोधायला गेले, शाल घेऊन परत आले

दुबईला जायचं ठरवलं ते एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या भरवशावर. तिथेच पहिली माती खाल्ली.

‘कानोसा’ हा आमचा प्रोग्रॅम फोनवरचा मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. फुकट आहे आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. ज्याला येतं त्याने बिनपगारी दुरुस्त करावा, अशी पद्धत. आम्ही तिघं तो सांभाळायचो. एकाला मोठी नोकरी लागली, दुसरीला जुळी झाली, उरले मी. त्यात फोनची नवी आवृत्ती आली आणि नव्या फोनवर कानोसा मुका झाला. माझा नंदूदादा मिरजेच्या शाळेत इतिहास शिकवतो. त्याला दिसत नाही. धड्याची तयारी तो कानोसावर करायचा, आणि आता रोज संध्याकाळी शेजाऱ्यांच्या दारात पुस्तक घेऊन उभा राहतो. त्याचा मला फार राग येतो, म्हणजे त्याचा नाही, त्या उभं राहण्याचा.

तेवढ्यात दुबईतल्या एका मराठी मंडळाचे सचिव, सावंत, यांचा निरोप आला. “मॅडम, तुम्ही फक्त या. पन्नास डेव्हलपर रेडी आहेत.” मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पन्नास हात वर झाले. मी तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगते. नोव्हेंबरनंतर जा, आधी गेलात तर भाजून निघाल. विमानतळावरच नोल कार्ड घ्या, बस आणि मेट्रो दोन्हीला चालतं. हॉटेल परवडत नसेल तर इंटरनॅशनल सिटीत कुणी ओळखीचं शोधा. माझी शाळेतली मैत्रीण शीतल तिथे राहते. ड्रॅगन मार्टमधून आणलेल्या सोफा-कम-बेडवर झोपले आणि तिच्या लेकीने “माय रूम इज नॉट अ हॉटेल, मम्मा” म्हटलेलं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये होता. बसने मेट्रोपर्यंत, मग युनियनला गाडी बदलून हिरव्या लाईनने. मी सगळ्यांना आधीच कळवलं होतं की लॅपटॉप घेऊन या, बसल्या जागी काम सुरू करू. हॉलमध्ये लॅपटॉप एकच होता आणि त्याच्यावर गणेशोत्सवाचे फोटो दाखवत होते.

आधी स्वागतगीत झालं. मग शाल, श्रीफळ आणि प्लास्टिकचा सोनेरी बुर्ज खलिफा. मग ‘तंत्र समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष आणि खजिनदार. ज्या कामात दमडी नाही त्याला खजिनदार. उपाध्यक्षपदावरून दोघांची जुंपली, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी माईक घेतला आणि म्हटलं, “शाल राहू द्या. आज कोण काम करणार आहे ते सांगा.”

मग टाय लावलेला एक जण उठला. “मॅडम, प्रॉब्लेम असा आहे, आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये क्लॉज आहे. बाहेरचं काम केलं तर जॉब जाईल. जॉब गेला की व्हिसा गेला.”

सगळ्या माना हलल्या. मी खाली बसले. माझ्या दादासाठी कुणाचा व्हिसा पणाला लावायचा मला काय अधिकार? सावंत कानाशी येऊन म्हणाले, “टेन्शन नका घेऊ, इन्शाल्ला होईल सगळं. आता जेवून घ्या.” श्रीखंड-पुरी उत्तम होती. बोलाच्या कढीबरोबर निदान खरी पुरी मिळाली.

तिसरा दिवस शीतलने बुर्ज खलिफासाठी राखला होता. पण ग्रुपवर ग्लोरिया नावाच्या वसईच्या बाईने हात वर न करता एवढंच लिहिलं होतं: “प्रॉमिस नाही. मुसफ्फाला आलात तर बघू.” मी मुसफ्फाची बस धरली. दुबईहून थेट जाते, पंचवीस दिरहम, म्हणजे सहाशे रुपयांच्या घरात. पुढच्या रांगा बायकांसाठी असतात. अबुधाबीचा हा भाग पर्यटकांचा नाही. वर्कशॉप, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि कामगारांना नेणाऱ्या कंपनीच्या बसगाड्या. ग्लोरिया तिथल्याच एका फॅब्रिकेशन कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळते. लंच ब्रेकमध्ये ती कॅफेटेरियात आली ती लॅपटॉप उघडतच. मी करक चहा मागवला आणि आधी क्लॉजचं विचारलं.

“आहे ना. माझ्यापण कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे.”

“मग?”

“मग एचआरला मेल टाकली. आपला लॅपटॉप, आपला टाइम, कंपनीचं काय वापरणार नाय. मॅनेजर ओके बोलला. खलास.”

“किती दिवस लागले?”

“चहा पिऊन आले तर रिप्लाय आलेला.”

“आणि ते पन्नास जण?”

“त्यांनी विचारलंच नसेल, मॅडम. विचारलं आणि हो बोलले, तर मग काम करायला लागेल ना.”

काल मी त्यांच्या व्हिसाच्या काळजीने गप्प बसले होते. आता चिडून मी चहा एका घोटात संपवला.

तेवढ्यात ग्लोरियाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. “हा आवाजाचा पार्ट कोणी लिहिलाय?”

“मी.”

“काढून टाकू. नव्या फोनवर हाच अडकतो.”

तो भाग लिहायला मी किती रविवार घालवले होते. मी भांडले. तीही भांडली, आणि माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. शेजारच्या टेबलावरचा पठाण “यल्ला, यल्ला, शांती” म्हणाला, म्हणजे चला, आवरा आता. शेवटी तिने लॅपटॉप मिटायला घेतला. “तुम्हाला माणूस पाहिजे की भक्त? भक्त ऊद मेथाला आहेत.”

मी दात-ओठ खात म्हटलं, “काढा.”

परत आले त्याच आठवड्यात सावंतांनी फोटो टाकला: ‘मंडळाच्या सहकार्याने कानोसा आता आखातात!’ खाली अभिनंदनाची रांग. मी ग्रुपवर एकच प्रश्न लिहिला: “आपण मॅनेजरला विचारलंत का?” उत्तरादाखल जोडलेले हात आले. मी ग्रुप सोडला.

ग्लोरियाची दुरुस्ती शनिवारी आली, सोबत एक ओळ: “तुमचं अजून बरंच चुकलंय.” चिडतच तपासली. एकही चूक सापडली नाही, तेव्हा कानोसात घातली.

एक माणूस पुरणार नाही, हे तिलाही माहीत आहे. म्हणून तुम्ही कोड लिहीत असाल आणि इथवर वाचलं असेल, तर हात वर करू नका. आधी मॅनेजरला विचारा. क्लॉजचं भूत मला पुन्हा दाखवू नका.

हा लेख टाकण्याआधी दादाला पाठवला. तासाभराने त्याचा फोन आला. “सावंतांवर जरा जास्तच चिडलीस. आणि पुरीचं वाक्य मी दोनदा लावलं.”

“कुणी वाचून दाखवलं तुला?”

“कुणी नाही,” दादा म्हणाला. “दार लावून एकटाच बसलो होतो.”