रसाच्या कंपनीतली लेक

मी निघाले त्या सकाळी औंढ्यातल्या आमच्या दारात जीप चालू होऊन उभी होती आणि आई माझ्या बॅगेतून स्वेटर काढून त्या जागी इंद्रायणी तांदळाची पिशवी कोंबत होती.

"तितं भात मिळल न मिळल."

"आई, मी चीनला चाललेय!"

"व्हय, म्हनूनच म्हन्ते."

आबा जीप वळेपर्यंत उभे राहिले, एवढंच.

त्याआधी मी गावाजवळच लोणावळ्याच्या एका हॉटेलात टेबलं सांभाळायचे. तिथं वाइन वाढता वाढता तिचा नाद लागला. पिण्याचा नव्हे, चाखण्याचा. नाशिककडे जाऊन शिकले, परीक्षा दिल्या, आणि वायव्य चीनमध्ये वाळवंटाच्या कडेला द्राक्षमळे आहेत तिथं नोकरी लागली. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा, आणि काय बिघडलंय ते सांगायचं.

लिन तिथंच भेटला. तो आचारी. लग्न केलं आणि आठ टेबलांचं हॉटेल काढलं. तो रांधतो, मी वाइन निवडते. पण गिऱ्हाईक वाइनचं विचारतं ते लिनला. लिन माझ्याकडे बोट दाखवतो. मग गिऱ्हाईक हसतं आणि मला विचारतं, तुला नाचता येतं का? सासूबाई अजून विचारतात, तुम्ही हातानं जेवता तर सूप कसं पिता? आणि इकडून मावशी फोनवर, "जावई साप खातो का गं?" दोन भाषांत तीच तीच उत्तरं देऊन माझं डोकं पिकलंय.

त्यावर कडी आईची. तिनं गावभर सांगून ठेवलं होतं, लेक द्राक्षाच्या रसाच्या कंपनीत आहे आणि जावई मोठ्या हॉटेलात मॅनेजर.

गेल्या वर्षी आम्ही दोघं औंढ्याला गेलो ते धाकट्या भावासाठी, सागरसाठी. सुदुंबऱ्याची मुलगी त्याला पसंत होती आणि तिच्याकडचे लोक आमचं घर बघायला येणार होते. लिननं सकाळीच स्वयंपाकघराचा ताबा घेऊन नूडल्सची कणीक मळायला घेतली. आईची धांदल उडाली. "अवो जावई, तुमी भाईर बसा ना! पावनं काय म्हनतील?" लिनला वाटलं, ती कौतुक करतेय. त्यानं आणखी पीठ घेतलं.

पाहुणे आले. चहा झाला. मुलीच्या चुलत्यांनी मला विचारलं, "तुमी काय करता तितं?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "रसाच्या कंपनीत हाय."

चीनला गेल्यापासून आठ वर्षं साठलेलं सगळं तिथं बाहेर पडलं. "रस नाही, दारू," मी म्हणाले. "द्राक्षाची दारू. मी ती चाखते आणि विकते. आणि हे मॅनेजर नाहीत, स्वयंपाक करतात."

चुलत्यांनी कप खाली ठेवला. नूडल्स कुणी खाल्ल्या नाहीत. दोन दिवसांनी फोन आला, "फुडं बगू." म्हणजे नकारच.

सागर मला एवढंच म्हणाला, "ताई, तू चार दिसांची पावनी. ऱ्हायचं आमाला हाय."

तिसऱ्या दिवशी आई मेथी निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसले. "माझी एवढी लाज वाटते तुला?"

"लाज कशाची?" ती मान वर न करता म्हणाली. "सुदामला दारूनं नेलं. माज्या पाठचा भाऊ. बांधावरनं त्याला उचलाया मीच गेलते. त्यो शबुद माज्या लेकीच्या नावाला मी कसा लावू?"

सुदाममामा कसा गेला, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण इतकी वर्षं हा धंदा करताना आईच्या बाजूनं मी एकदाही त्याकडे पाहिलं नव्हतं. तरीही मी चिडलेच. "मग आधी सांगायचंस ना!"

"तू इचारलंस कवा?"

मी तिच्यासमोरची अर्धी जुडी ओढून घेतली आणि निवडू लागले.

आम्ही परत आलो. सागर अजून फोनवर 'हं'च्या पुढे जात नाही. आबा हवापाणी विचारतात आणि फोन आईकडे देतात.

लोक विचारतात, आता तुझं घर कुठलं? लिनशी मी चिनीत भांडते. शब्द शोधते, क्रियापद जुळवते, तोवर राग निम्मा निवतो. आमचा संसार टिकलाय तो कदाचित त्यामुळेच. औंढ्यात मात्र राग मराठीत थेट ओठांवर येतो, मध्ये कुठं थांबत नाही. मला घर म्हणावं असं वाटतं ते तेच, आणि नुकसानही मी तिथंच करून ठेवलं. यंदा एकटी जाणार आहे, सागरची माफी मागायला. स्वतःला ओळखते मी, तीही बहुतेक भांडूनच मागेन.