विरजणाला दिलेली आरोळी

नॉर्वेत, डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या आमच्या फ्योर्डच्या काठी पूर्वी घरोघरी बिअर व्हायची. दुकानात बाटल्या आल्या आणि ती बंद पडली. ती पुन्हा सुरू करायचा विडा मी उचलला, तेव्हा माझी बायको बोर्गहिल हसत खुर्चीत बसली. मी जन्मभर मयताची पेटी, गाडी आणि फुलं यांची व्यवस्था पाहिलेला माणूस. हळू बोलणं हाच माझा धंदा. आणि आमच्या बिअरला विरजण लावताना तर जिवाच्या आकांताने ओरडावं लागतं! आरोळी जितकी मोठी तितकी बिअर कडक. शिवाय ती ऐकून शेजारी ओळखतात, की परवा चाखायला जायचंय.

माळ्यावर आजोबांचं विरजण जपायचं लाकडी कडं सापडलं. त्याच्या खाचांत यीस्ट वाळून बसलेलं. सगळ्या खोऱ्यात उरलेलं विरजण ते एवढंच. ते मेलं असेल तर आमची बिअरही मेली.

जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळून त्या पाण्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, भिजवलं, गाळलं. गाळलेलं पाणी कोमट दुधाइतकं निवल्यावर त्यात कडं सोडलं आणि आरोळी ठोकली.

"काय म्हणालास?" बोर्गहिलने विचारलं.

"आरोळी दिली."

"मला वाटलं, कुणाचं सांत्वन करतोयस."

"अगं, लोकांनी ऐकलं तर येतील चाखायला. नाही जमली तर?"

"मग फुलं वाहतील. तुझ्याकडे ओळखीचा फुलवाला आहेच."

संध्याकाळपर्यंत पिंप ढिम्म. मी सारखा झाकण उचलून पाहत होतो, चेहरा आपोआप कामावरचा झालेला. सकाळी शेवटचं दर्शन घ्यावं म्हणून झाकण काढलं, तर काठोकाठ फेस! माझ्या तोंडून जे काही निघालं, त्याने उतारावरच्या मेंढ्या उधळल्या.

दोन दिवसांनी अख्खं खोरं दारात. सवयीने मी प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरू लागलो.

"हात सोड, अजून जिवंत आहे मी," नव्वदीचे निकुलासकाका खेकसले. "ओत."

ते प्यायले. मिशीवरचा फेस पुसला.

"अगदी तुझ्या आजोबाची."

माझे डोळे भरून आले.

"त्याचीही अशीच आंबूस व्हायची. तोंडावर कुणी बोललं नाही, इतकंच." आणि पेला पुन्हा पुढे केला.

"मग परत कशाला मागताय?"

"तेव्हाही मागायचो."

तिसऱ्या पेल्यानंतर त्यांनी खिशातून एक कोरं लाकडी कडं काढलं. "ह्याला थोडं विरजण लाव. तुझ्या एकट्याकडे राहिलं तर परत माळ्यावर जाईल."

मी कडं फेसात बुडवलं. "काका, आरोळी द्यायला येऊ का?"

"काही नको. परवापासून माझ्या दोन मेंढ्या सापडत नाहीयेत."