नव्या तोफेवरचे हे

आमचे हे सैन्यात, तोफखान्यात. लढाई सुरू व्हायच्या आधी यांना नव्या अवजड तोफेच्या चाचण्यांसाठी वाळवंटात पाठवलं होतं. सुट्टीवर आले की वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर उभे राहून मला तिचा पल्ला समजवायचे, "हयसून मारलो तर गोळो कणकवलीच्या बाजारात पडात." एका चाचणीत नळी तोंडाशी फाटली होती. कुणाला लागलं नाही, पण नळी नव्याने घडवावी लागली. यांनी ते सहज सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र ते राहून गेलं.

मग सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि यांचा फोन लागेना. मी काजूच्या कारखान्यात सोलायला बसले होते. शेजारची बाई मोबाइल बघत म्हणाली, "नवी तोफ फुटली म्हणतत." माझे हात थांबले. "मोबाइलवरचा सगळा खरा नसता गो," ती लगेच म्हणाली, पण मी उठून घरी आले.

सासूबाई विळीवर बांगडे साफ करत होत्या. माझं तोंड बघूनच त्यांनी विचारलं, "काय झाला?" मी सांगितलं. त्या उठल्या. हात धुऊन माझ्याजवळ येऊन बसल्या.

दुपार कलल्यावर अनोळखी नंबरवरून फोन आला. मी तो स्पीकरवर लावला.

"मी बरो आसंय!" हे ओरडत होते. "आयेक पण सांग. तू जेवलंस?"

"तोफेचा काय झाला?" मी विचारलं. यांचं आपलं "हॅलो, हॅलो" चाललेलं. पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "पाऊस पडलो काय थंय?" काहीतरी लपवताहेत असं मला वाटलं. तेवढ्यात दुसरा आवाज आला.

"वहिनी, मी यांच्याच तोफेवर आहे. आवाजाने यांचे कान बंद झालेत. डॉक्टर म्हणाले, उघडतील हळूहळू."

"आणि तोफ?"

"तोफेला काही झालं नाही. नळीला अजून हात लावता येत नाही, एवढी तापलीय."

सासूबाईंनी फोन ओढून घेतला. "आयकाक येना नाय तर बडबडतंस कित्याक? जेव जा," असं त्यांनी लेकाला दटावलं, आणि मग पदर डोळ्यांना लावून बराच वेळ हसत राहिल्या. मी उरलेले बांगडे साफ केले. त्या दिवशी दोघी पोटभर जेवलो.

यांचा एक कान पूर्ण सुधारला, डावा थोडा मंदच राहिला. सुट्टीवर आले की टीव्ही मोठ्याने लावतात. सासूबाई कुरकुरतात. मला ती कुरकुर ऐकायलासुद्धा बरं वाटतं.